बेटाजवळचं म्हावरं कोण मोजणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वेसाव्याचा. भाऊच्या धक्क्यावर बोटींचे मासा शोधायचे फिशफाइंडर, जीपीएस, वायरलेस सेट रिपेअर करतो, बावीस वर्षं झाली या कामाला. वडिलांची डोलीची, म्हणजे एका जागी खुंटांना बांधलेल्या जाळ्याची, बोट होती, आता नाही. हे आधीच सांगतो कारण आपल्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या बेटाभोवतीचा मासा मोजा असं जे पुढे लिहिणार आहे ते ना शास्त्रज्ञाचं आहे ना पक्षीमित्राचं, हे मशीन उघडून बघणाऱ्या माणसाचं आहे आणि म्हावऱ्यावर वाढलेल्या माणसाचं आहे.

आपल्या पेपरात दरवर्षी मासळीचे आकडे येतात, राज्यात एवढे टन उतरले, मागच्या वर्षीपेक्षा जास्त किंवा कमी. आकडे खोटे नसतात, सीएमएफआरआय या केंद्राच्या सागरी मासळी संशोधन संस्थेची माणसं बंदराबंदरावर ठरलेल्या दिवशी उभी राहून उतरलेला माल बघून त्यावरून हिशोब काढतात, मेहनतीचं काम आहे. पण तो आकडा धक्क्यावर आलेल्या माशाचा आहे, समुद्रात असलेल्या माशाचा नाही आणि हा फरक बातमीत कधीच येत नाही. बोट पूर्वी चार तासांत जेवढं भरून यायची तेवढंच आता चार दिवस लांब जाऊन, तिप्पट डिझेल जाळून आणलं तरी टनाचा आकडा तोच राहतो. वाचणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे आणि इकडे तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, माझ्या टेबलाशी बसून विचारतो, अरे फिशफाइंडरच्या मशीनमधे काय बिघाड आहे का बघ, जवळपास काही दिसतच नाही. मी मशीन उघडतो, मशीन ठणठणीत असतं.

आता हे पत्र लिहायचं कारण. लेकीला घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो पेंग्विन बघायला. २०१६ ला सोलहून आठ आणले होते, हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. लेकीनं विचारलं, पप्पा यांना इथे बादलीतून मासे देतात, तिकडे यांना कोण देतं? मी म्हटलं समुद्र देतो. मग तिनं विचारलं, आणि समुद्रात नसले तर? उत्तर नव्हतं माझ्याकडे. घरी येऊन रात्री वाचत बसलो, एकातून दुसरं दुसऱ्यातून तिसरं असं करत दक्षिण आफ्रिकेच्या पेंग्विनांपर्यंत पोचलो आणि तिथे मला माझंच मशीन सापडलं.

नेल्सन मंडेला ज्या रॉबेन बेटावर १८ वर्षं कैदेत होते त्याच बेटावर आफ्रिकन पेंग्विनांची वसाहत आहे, तिथून वर डासेन नावाचं अजून एक बेट. हे पेंग्विन खातात काय तर मुख्यतः तारली आणि अँचोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या गोतातला मासा. आणि तिथल्या गोल जाळ्यानं अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या पर्स सीन बोटींनाही नेमकं हेच दोन मासे पाहिजेत. दक्षिण आफ्रिकेनं १९८४-८५ पासून या माशांची मोजणी मोठ्या जहाजातून आवाजाच्या मशीननं केली आहे, वर्षातून दोनदा, एकदा अंडी घालणाऱ्या मोठ्या माशाची आणि एकदा नवीन आलेल्या पिल्लांची. त्या आकड्यावर बोटींना किती टन धरायचे ते ठरतं. एवढी जुनी आणि नियमित मोजणी फार थोड्या देशांत असेल, मला खरंच हेवा वाटला.

आणि तरीही पेंग्विन मरत होते. कारण ती मोजणी अख्ख्या किनाऱ्याची. साधारण २००० च्या आसपास तारली पश्चिम किनारा सोडून पूर्वेला सरकली, अगुल्हास टोकाच्या पलीकडे. बेरजेत तारली आहे, पण पेंग्विनच्या बेटाजवळ नाही. पेंग्विनला पंख असून उडता येत नाही, आणि पिल्लू घरट्यात असताना तो लांब जाऊच शकत नाही, साधारण वीस ते चाळीस किलोमीटरच्या आतच पोहून पोट भरून परत यायचं, नाहीतर पिल्लू उपाशी. पिसं झडायच्या दिवसात तर तीनेक आठवडे पाण्यात उतरताच येत नाही, आधी खाल्लेल्या चरबीवर दिवस काढायचे. म्हणजे देशात एकूण किती टन तारली आहे याच्याशी त्या पक्ष्याला काही घेणंदेणं नाही, माझ्या बेटाजवळ या महिन्यात काय आहे एवढाच त्याचा प्रश्न. वाचताना मला सारखं वाटत होतं हे पेंग्विनचं नाही, डोलीवाल्याचं चाललंय. त्याची कव, म्हणजे जाळं लावायची जागा, ठरलेली, खुंट ठरलेले, छोटी बोट, तो काय गुजरातच्या हद्दीपर्यंत मासा शोधत जाणार नाही, त्याच्या दारातला मासा गेला म्हणजे त्याच्यापुरता समुद्रच रिकामा.

तर तिथल्या लोकांनी मग बेटांभोवती छोटी मोजणी सुरू केली. मोठं जहाज नाही, लहान बोट, तिला खाली तोंड करून इको साउंडर, म्हणजे तेच आवाजाचं मशीन, लावलेला आणि बेटाच्या बाजूबाजूनं आखलेल्या रेषांवर बोट जाऊन येऊन. आपण शेत नांगरतो तसं समुद्र नांगरायचा, फक्त आवाजानं. २००८ पासून तिथे असाही प्रयोग केला की काही वर्षं एका बेटाभोवती २० किलोमीटरपर्यंत तारली-अँचोव्ही धरायला बंदी आणि जोडीच्या दुसऱ्या बेटाभोवती चालू, मग उलट. आणि पिल्लांची तब्येत कुठे कशी राहते ते बघायचं. आता अशा प्रयोगात बेटाजवळ मासा मुळात किती होता हे माहीत नसेल तर पिल्लू बंदीमुळे जगलं की त्या वर्षी मासाच जास्त होता म्हणून जगलं हे सांगणार कसं? म्हणून ती छोटी मोजणी महत्त्वाची.

हे मोजतात कसं ते सांगतो, कारण पेपरात हे कधी नीट कुणी लिहीत नाही आणि आमच्या तांडेल लोकांनाही स्क्रीनवरचे रंग वाचता येतात पण मागचं गणित कुणी सांगितलेलं नसतं.

बोटीच्या तळाला लावलेला ट्रान्सड्युसर खाली आवाजाची टिचकी मारतो, आपल्याला ऐकू न येणारी. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. तीस मीटरवर मासा असेल तर जाऊन यायला साठ मीटर, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. वेळेवरून खोली कळली. आता किती मासा, ते कळतं परत आलेल्या आवाजाच्या जोरावरून. एका माशाकडून किती आवाज परत येतो ते माहीत असेल तर अख्ख्या थव्याकडून आलेल्या आवाजाला त्यानं भागायचं, आला आकडा. ऐकायला एवढं सोपं. आमच्या बोटींवरच्या मशीनमधे आवाजाच्या पट्ट्या साधारण ५० आणि २०० किलोहर्ट्झच्या असतात, शास्त्रज्ञांकडे ३८, १२० वगैरे, पण जात तीच.

फरक कुठे आहे तर विश्वासात. आमच्या मशीनला गेनचं, म्हणजे परत आलेला आवाज वाढवून दाखवायचं, बटण असतं, ते वाढवलं की अख्खा समुद्र लाल दिसतो, कमी केलं की तोच समुद्र निळा. एकाच जागी दोन बोटी उभ्या असतील तर दोघांच्या स्क्रीनवर वेगळं चित्र आणि दोघेही आपलंच खरं म्हणून भांडणार. शास्त्रज्ञ काय करतात, मोजणीला निघायच्या आधी बोटीखाली दोरीनं एक छोटा गोळा सोडतात, टंगस्टन कार्बाइडचा, ३८.१ मिलिमीटरचा. त्या गोळ्याकडून किती आवाज परत यायला पाहिजे ते पक्कं माहीत असतं, मशीन जेवढं कमी-जास्त दाखवतं तेवढी दुरुस्ती करून घेतात. आपल्याकडे काटा तपासायला वजनमापवाला येतो ना प्रमाणित वजन घेऊन, तसंच. एवढ्याशा गोळ्यानं मशीन शोभेचं न राहता मोजमापाचं होतं, हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही, बावीस वर्षं हे मशीन हाताळतोय आणि हा गोळा मी कधी बघितलाच नव्हता.

पण खरं सांगायचं तर या मोजणीत खड्डेही आहेत आणि ते लपवले तर उद्या कोणीही उठून सगळीच मोजणी खोटी म्हणेल, म्हणून तेही लिहितो.

पहिलं म्हणजे एका माशाचा आवाज किती धरायचा यात तीन डेसिबलची चूक झाली तर आकडा सरळ दुप्पट किंवा निम्मा होतो. दोन आकडे इकडेतिकडे नाही, दुप्पट! म्हणून बरोबर जाळं टाकून मासा वर काढून त्याची जात आणि लांबी मोजावीच लागते, नुसत्या स्क्रीनवर भागत नाही. मग थवा. मासा पाण्यात सारखा पसरलेला नसतो, दहा रेषा मारल्या आणि नऊ रिकाम्या गेल्या, दहाव्या रेषेवर एक मोठा थवा लागला की त्या एका थव्यावर सगळा हिशोब. रात्री तर बरेच थवे फुटून पसरतात, दिवसाचा आणि रात्रीचा आकडा जुळत नाही. म्हणून एकदा करून फोटो काढून सोडून द्यायचं हे काम नाही, त्याच रेषा परत परत मारायला लागतात.

आणि तिसरी गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. माशाकडून येणारा बहुतेक आवाज मांसाकडून येत नाही, त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीकडून येतो. घोळीचं जे बोत एवढ्या भावानं विकलं जातं तीच पिशवी. तारली-अँचोव्हीला ही पिशवी असते म्हणून त्या मशीनवर छान दिसतात. पण आपल्या बोंबलाला ही पिशवीच नसते! वर अंग सगळं पाणीदार. म्हणजे मुंबईचा जो मासा आहे, ज्याच्यावर वेसावे, मढ, अर्नाळा, वसई इथली घरं उभी राहिली, वलांडीवर जो सुकतो, तो या मशीनला जवळजवळ दिसतच नाही. युरोपातल्या उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) पफिन पक्षी ज्याच्यावर जगतात त्या सँडईल माशाचीही हीच अडचण, त्यालाही पिशवी नाही, वर तो वाळूत घुसून बसतो. तरीसुद्धा तिकडच्या लोकांनी हात वर केले नाहीत, दुसऱ्या पद्धती जोडल्या, आणि २०२४ ला इंग्लंडच्या उत्तर समुद्रातल्या पाण्यात आणि स्कॉटलंडच्या पाण्यात सँडईलची मासेमारी बंद केली. मोजायला अवघड आहे म्हणून मोजायचंच नाही असं करून चालत नाही. बोंबलासाठी डोलीत रोज काय आलं ते लिहून ठेवणं हाच मार्ग असेल तर तो धरा, आवाजाचं मशीन तारली, मांदेलीसाठी वापरा.

आता कोणी म्हणेल मुंबईत कुठे आलं पक्ष्यांचं बेट. मुंबईत नाही पण महाराष्ट्रात आहे, सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यासमोर. वेंगुर्ला रॉक्स. पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी होते म्हणून त्याचं नाव अधूनमधून बातम्यांत येतं, पण तिथे सुरय (टर्न) पक्षीही वीण करतात. आपल्या मुंबईच्याच बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, जर्नलमधे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी १९४२ साली तिथल्या सुरयांबद्दल आणि पाकोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय. म्हणजे पक्षी तिथे आहेत हे ऐंशीपेक्षा जास्त वर्षं कागदावर आहे. त्या पक्ष्यांच्या पोटात जाणारा मासा बेटाभोवती किती आहे, कुठल्या महिन्यात असतो, कमी होतोय का, याचा असा वर्षानुवर्षांचा हिशोब मी आजवर पेपरात वाचलेला नाही, धक्क्यावरही कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

आणि तिथे नुसती आफ्रिकेची नक्कल करून चालणार नाही, हे मशीनवाला म्हणून ठामपणे सांगतो. पेंग्विन खोल बुडी मारतो, तीस-चाळीस मीटर सहज, तो जिथे जेवतो तिथपर्यंत बोटीखालचं मशीन बघतं. सुरय बुडत नाही, वरून सूर मारतो आणि अगदी वरच्या हातभर पाण्यातला मासा उचलतो. ट्रान्सड्युसर पाण्याच्या वरच्या पातळीपासून मीटरभर खाली असतो आणि त्याच्या अगदी जवळचं त्याला नीट कळतच नाही, म्हणजे वरचं दोनतीन मीटर पाणी मशीनला आंधळं. नेमकं सुरयाचं ताटच मशीनला दिसत नाही! वर बोटीच्या आवाजानं वरचा मासा बाजूला पळतो ते वेगळंच. त्यामुळे तिथे तळावर ठेवून वर तोंड केलेलं मशीन पाहिजे, किंवा आडवं बघणारं. असे प्रकार जगात वापरात आहेत, नवीन काही शोधायचं नाहीये. तळावर ठेवलेल्या मशीनचा अजून एक फायदा, पावसाळ्यात त्या खडकाजवळ छोटी बोट नेणं म्हणजे जिवाशी खेळ, मशीन मात्र खाली बसून महिनोन्‌महिने नोंद करत राहतं, बॅटरी नीट बांधली पाहिजे एवढंच. आणि त्याबरोबर पक्षी पिल्लाला चोचीत काय घेऊन येतो याचे फोटो. फोटोतला मासा आणि मशीनमधला मासा जुळला की मग बोलता येईल.

नुसते पक्षी मोजून भागेल असंही कोणी समजू नये. आमचे म्हातारे तांडेल पक्ष्यांवरून मासा ओळखायचे, पक्षी जिथे सूर मारतायत तिथे जाळं. आज एलिफंटाच्या लाँचवर जाऊन बघा, थंडीत आलेले कुरव शेव-गाठ्यांसाठी लाँचच्या मागे थव्यानं उडत असतात. पक्षी भरपूर दिसतात म्हणून खाली मासा भरपूर असं म्हणायची सोय राहिली नाही. पक्षीही मोजायचा आणि मासाही, दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच दिवसात.

माझ्याच समाजातली माणसं मला विचारतील, हे सगळं करून शेवटी आमचीच बोट बंद करणार ना? भीती खोटी नाही. आफ्रिकेत यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं, बोटवाल्यांच्या बाजूचे तज्ज्ञ एक म्हणत होते, पक्ष्यांच्या बाजूचे दुसरं, शेवटी बाहेरच्या देशांतल्या तज्ज्ञांची समिती बसली, तिनं २०२३ ला सांगितलं की बंदीचा पक्ष्यांना फायदा होतो, पण पक्षी ज्या वेगानं कमी होतायत त्या मानानं तो फायदा छोटा आहे. २०२४ ला तो पेंग्विन अतिसंकटग्रस्त यादीत गेला. २०२५ च्या मार्चमधे कोर्टात दोन्ही बाजूंनी तडजोड मान्य केली, सहा वसाहतींभोवती दहा वर्षं तारली-अँचोव्हीची व्यापारी मासेमारी बंद, कुठे किती अंतर ते एकत्र बसून ठरवलेलं. मला यात एकच दिसतं, दोन्ही बाजूंकडे आकडे होते म्हणून दोन्ही बाजू एका टेबलावर बसू शकल्या. आपल्याकडे आकडेच नसतील तर उद्या जो निर्णय येईल तो वरून येईल आणि सगळ्यात आधी छोट्या डोलीवाल्यावर पडेल, कारण त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. मोजणी झाली तर तो म्हणू शकेल, बघा, माझ्या कवेजवळचा मासा कोणत्या महिन्यात नाहीसा झाला आणि तेव्हा तिथे कोणाच्या बोटी होत्या. मोजणी माझ्या मते पक्ष्याच्या आणि लहान मच्छीमाराच्या दोघांच्याही बाजूची आहे.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयात गेलो होतो, विचारायला की वेंगुर्ल्याजवळ किंवा मुंबईजवळ अशी छोट्या भागाची मोजणी झाली असेल तर बघायला मिळेल का. या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं, तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी मनापासून ऐकून घेतलं पण त्याही म्हणाल्या की तुम्ही कोण, कशाला पाहिजे. मी म्हटलं मी मासे खातो आणि मशीन रिपेअर करतो. अर्ज लिहून दिला, पोच घेतली, उत्तर आलं नाही. राग त्या बाईंवर नाही. पण समुद्र सगळ्यांचा आणि त्याचा हिशोब विचारायला ओळखपत्र लागतं हे मनाला लागलं ते लागलंच.

आपल्याकडे माणसं नाहीत असंही नाही हो. फिशरी सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय मुंबईतच आहे, १९४६ पासूनची संस्था. केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था तर आमच्या वेसाव्यातच, माझ्या घरापासून चालत. सागर संपदा हे संशोधन जहाज १९८४ पासून आहे. हैदराबादहून इनकॉइस उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून मासा कुठे मिळू शकेल त्याची सूचना पाठवतं, आमचे तांडेल ती वापरतातही, पण ती मासा कुठे असू शकतो ते सांगते, किती आहे ते नाही. मोठ्या जहाजाला उथळ पाण्यात खडकाजवळ जाता येत नाही हे मला समजतं. मग छोट्या बोटी आहेत ना, शेकडो आहेत, प्रत्येकीवर मशीन आहे, पावसाळी मासेमारी बंदीच्या आधी आणि नंतर भाड्यानं घ्या, दोन रेषा मारायला तांडेल तयार होईल, त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या आणि नोंदीची एक प्रत मराठीत त्याच्याही हातात द्या.

म्हणून माझी विनंती आहे, आपल्या पेपरनं हा प्रश्न या संस्थांना आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याला विचारावा, माझ्यासारख्याच्या अर्जापेक्षा आपल्या एका फोनला उत्तर लवकर मिळेल. वेंगुर्ला रॉक्सभोवती एका वर्षापुरती तरी ही मोजणी करा, तळावर एक मशीन ठेवा, पावसाळा सोडून बोटीनं ठरलेल्या रेषा महिन्यातून एकदा मारा, आणि जो आकडा येईल तो चुकीच्या शक्यतेसकट छापा, निम्मा-दुप्पट जे असेल ते. लोकांना कळतं.

ट्रान्सड्युसर बसवायला, वायरिंग करायला, गोळा खाली सोडून मशीन तपासायला माणूस लागला तर मी यायला तयार आहे, मजुरी नको, गाडीभाडंही माझं मी करीन. फक्त जून लागायच्या आधी सांगा, नंतर त्या खडकाकडे बोट जाणार नाही.

आपला,
एक वाचक
वेसावे कोळीवाडा, मुंबई